जुनी पिकअप घेताना : आधी चासी व कागद, मागाहून इंजिन

मालवाहू लहान मोटार, जिला आपल्याकडे सर्रास पिकअप म्हणतात, ती आता बागायती मुलखात बैलगाडीच्या जागी येऊन बसली आहे. २००५ साली टाटांची ‘एस’ निघाली, तिला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणू लागले. २०११ साली अशोक लेलँडची ‘दोस्त’ आली. आणि महिंद्रांची बोलेरो पिकअप तर पिंपळगाव बसवंत, नारायणगाव किंवा लासलगाव यांपैकी कोणत्याही बाजार आवारात सकाळी उभे राहिल्यास डोळ्यांपुढून सारखी जाताना दिसते. टोमॅटो, कांदा, फुले, दूध, कोंबड्या, खताची पोती यांपैकी ती वाहत नाही असे काही उरले नाही. परंतु नवी गाडी लहान खातेदाराच्या आवाक्याबाहेरची असते, सबब तो जुनी पाहू लागतो. तीत एका हंगामाचे सर्व उत्पन्न, कित्येक ठिकाणी घरातील सोने मोडून आलेली रक्कम गुंतते. या व्यवहारात जो फसतो तो पुढची तीन-चार वर्षे फसलेलाच राहतो.

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो ते पाहावे. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर हात फिरवितो, बैलास चालवितो, वळवितो, आणि मग कोठे रुमालाखाली बोटे धरावयास तयार होतो. तोच मनुष्य मोटार घेताना मात्र इंजिन सुरू करवून पाच मिनिटे कान देतो, ‘आवाज बरा आहे’ असे सोबतच्या मंडळींस सांगतो व इसार देऊन मोकळा होतो. आमच्या मते ही परीक्षा उलट्या टोकापासून होते. इंजिन हा मोटारीचा दुरुस्त होण्याजोगा भाग होय. पैसा लागेल, परंतु तालुक्याच्या गावचा मिस्त्री ते खोलून पुन्हा उभे करू शकतो. याउलट चासी वाकलेली असली किंवा कागद गुंतलेले असले तर पैसा खर्चूनही गाडी धड होत नाही. म्हणून प्रथम चासी पाहावी, त्याच दिवशी कागद पाहावेत, आणि या दोहोंत गाडी उतरली तरच इंजिनाकडे वळावे.

तथापि त्याहीपूर्वी एक हिशेब घरी बसून करावयाचा असतो. आपल्या शेतातून वर्षाकाठी बाजारास खेपा किती होतात? पंचवीस-तीसच होत असतील तर भाड्याची गाडी बहुधा स्वस्त पडेल. कारण विमा, कर, पासिंग हे खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतात, आणि उभ्या गाडीचे टायर व बॅटरी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतात. गावात दुसऱ्याचा माल नेण्याचे काम मिळण्याजोगे असेल तरच पुढे जावे. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून गाडी घेण्याची कल्पना चांगली आहे. मात्र दप्तरी नाव एकाचे लागते व जबाबदारीही त्याच एकावर येते, म्हणून आपसांतील वाटणी, भाडे व दुरुस्तीचा खर्च यांचा करार आधी लिहून ठेवावा. भाऊबंदकीत तोंडी शब्दावर घेतलेल्या विहिरीच्या पाळ्यांचे पुढे काय होते ते वाचकांस सांगावयास नको.

गाडीने पूर्वी काय वाहिले.— गाडी कोणत्या सालची, हे प्रत्येकजण विचारतो. तिने काय वाहिले, हे फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. नंबराच्या पाटीवरून गाडी कोठली ते समजते : एम.एच. ०८ म्हणजे रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, १५ नाशिक, ०९ कोल्हापूर. किनाऱ्यावरील गाडी मासळीच्या धंद्यात असली तर बर्फाचे खारे पाणी हौद्यातून खाली गळत राहते व चासीचे पोलाद आतून खाते. वरून रंग कितीही चकचकीत असो. खताच्या व मिठाच्या वाहतुकीचाही तोच परिणाम. वाळू, विटा व खडी वाहिलेली गाडी आम्ही कोणत्याही किमतीस घेण्याचा सल्ला देणार नाही. शहरात पार्सल किंवा पाव-बिस्किटे वाटणारी गाडी हलक्या ओझ्याची असते, परंतु ती दिवसातून शेकडो वेळा थांबते व निघते, त्यामुळे तिचा क्लच व स्टार्टर झिजलेला असतो. ही झीज दुरुस्त होण्यासारखी आहे, म्हणून अशी गाडी आम्ही बरी समजतो. हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागऱ्यांत आणि पत्र्याच्या सांध्यांत बोट घालून पाहावे. तेथे वाळू सापडते, खवले सापडतात, खताचे पांढरे खडे सापडतात. विकणारा सांगतो त्यापेक्षा हौदा अधिक खरे बोलतो.

चासी.— चासी म्हणजे गाडीखालच्या दोन लांब पोलादी तुळया व त्यांस जोडणारे आडवे दांडे यांचा सांगाडा होय. इंजिन, केबिन, हौदा व चाके ही सर्व त्यासच बांधलेली असतात. तिचा मुख्य शत्रू पासिंगपेक्षा अधिक माल हा आहे. आर.सी. पुस्तकात दोन वजने नोंदलेली असतात, एक रिकाम्या गाडीचे व दुसरे मालासह एकूण. दुसऱ्यातून पहिले वजा केले म्हणजे माल किती न्यावा हे कळते. त्यातही केबिनमध्ये बसणाऱ्या माणसांचे वजन धरावयाचे असते. समजा, एखाद्या गाडीस १,३०० किलोंची मोकळीक आहे. टोमॅटोचा भरलेला क्रेट प्लॅस्टिकसह २२ किलो धरल्यास तीत ५९ क्रेट बसले पाहिजेत. आता हंगामात नारायणगावच्या रस्त्यावर जाऊन गाडीवरचे थर कोणीही मोजून पाहावेत. कित्येकींवर शंभराच्या वर क्रेट भरतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा मालाबद्दल २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, तरीही हे चालतेच. दंड चुकविता येतो. पोलादास मात्र चुकविता येत नाही.

जादा ओझ्याची खूण पहिल्याने मागील पाट्यांत दिसते. कारखान्याने जितके पाटे घातले त्याहून अधिक घालून गाडी ‘दमदार’ करण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच मेकची व मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी असल्यास दोहोंचे पाटे मोजून पाहावेत. दोन्ही बाजूंस सारखे आहेत की नाहीत, एखादा नवा किंवा निराळ्या जाडीचा आहे काय, यू-बोल्ट लांब बदललेले आहेत काय, हे बसून पाहिल्यास पाच मिनिटांत कळते. रिकामी गाडी मागून चढलेली, नाकावर झुकल्यासारखी दिसली तर जादा पाटे आहेतच असे समजावे. पाटे वाढविल्याने पाटे मोडत नाहीत एवढेच. ओझे मग चासीवर येते. पाटे ज्या हँगरांत अडकविलेले असतात तेथे, केबिनच्या पाठीमागे हौदा जेथे सुरू होतो तेथे, आणि रिव्हेटांच्या भोकांभोवती बारीक तडे पडू लागतात. तेथील चिखल व तेलकट मळ डिझेलात भिजविलेल्या फडक्याने पुसून काढावा व विजेरी तिरपी धरून पाहावे. तडा केसासारखा दिसतो व त्याच्या कडेने गंजाची तांबूस रेघ असते.

चासीवर वेल्डिंगचा ठिगळ दिसला तर तेथेच थांबावे. हौद्यास, फाळक्यास किंवा मडगार्डास वेल्डिंग असणे हा दोष नव्हे. ती कामे रोजचीच आहेत. परंतु मुख्य तुळईवर आडवी पट्टी मारलेली असेल तर गाडी एकदा तेथे मोडली होती असा त्याचा अर्थ, आणि ती पट्टीच्या शेजारी पुन्हा मोडते. संपूर्ण खालची बाजू ताज्या काळ्या रंगाने रंगविलेली आढळल्यास अधिकच सावध राहावे. लहान हातोडीने तुळईवर ठिकठिकाणी हलके ठोकीत जावे : धड पोलाद खणखणते, गंजलेले बद्द आवाज देते व कधी कधी पापुद्रा गळून पडतो.

वाकलेली किंवा पिळलेली चासी ओळखण्याची युक्ती जमीन मोजणाऱ्यांस परिचयाची आहे. काटकोनी तुकड्याचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत, हाच नियम येथे लागू पडतो. गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करून पुढील दोन व मागील दोन पाट्यांच्या हँगरांपासून, म्हणजे दोन्ही बाजूंस सारख्याच असलेल्या चार ठिकाणांपासून, ओळंबा सोडावा व फरशीवर खडूने खुणा कराव्यात. गाडी बाजूस घेऊन खुणांचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. बोटभर फरक चालेल; दोन-तीन बोटांचा फरक आढळल्यास गाडीस मोठा अपघात झालेला आहे यात संशय नाही. एवढी सोय नसल्यास चाके सरळ ठेवून पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. तेही न जमल्यास ओल्या मातीवरून गाडी पन्नास पावले सरळ चालवून पाठीमागे तिची चाकोरी पाहावी. मागील चाके पुढील चाकांच्या मागाने दोन्हीकडे सारख्याच बेताने गेलेली दिसली पाहिजेत; एका बाजूस सरकलेली दिसल्यास गाडी तिरपी चालते, तिचे टायर दर सहा महिन्यांनी खराब होतात, व ब्रेक लावताच ती रस्ता सोडू पाहते.

कागदपत्रे.— मोटारीचे आर.सी. पुस्तक हा तिचा सातबारा समजावा. सातबाऱ्यावर जसे इतर हक्कांत बोजे चढलेले असतात, तसा आर.सी.वर कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा बोजा नोंदलेला असतो. जमिनीच्या दप्तरात वर्षे काढलेल्या आम्हांस याचे नवल वाटते की, जो शेतकरी बोजा पाहिल्याखेरीज गुंठाभर जमीन घेणार नाही, तो लाखो रुपयांची मोटार विकणाऱ्याच्या शब्दावर घेतो. निफाड तालुक्यातील एका कांदा उत्पादकाचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. ‘दादा, दोनच हप्ते राहिलेत, तेवढे मी भरून टाकतो,’ या बोलीवर त्याने पूर्ण रक्कम रोख दिली व मुद्रांक कागदावर सह्या घेतल्या. हप्ते दोन नव्हते, चौदा होते. आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी गाडी बाजार आवारातूनच, आतला माल उतरवून, ओढून नेली. त्या कागदाचा त्यास काही उपयोग झाला नाही, कारण कंपनीचा हक्क त्याच्या आधीचा व दप्तरी नोंदलेला होता.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५१ प्रमाणे बोजा असलेल्या गाडीचे नाव, कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय, बदलत नाही. म्हणून कर्ज फिटल्याचा नाहरकत दाखला व नमुना ३५ यांवर बँकेचा सही-शिक्का घेऊन बोजा प्रथम आर.टी.ओ.त कमी करवावा, आणि मगच बाकीची रक्कम द्यावी. हप्ते उरले असतील तर तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता त्याच्यासमक्ष त्याच्या कर्जखात्यात भरावी व पावती आपल्याजवळ ठेवावी. गाडीच्या नंबरावरून मालकाचे नाव, बोजा, विम्याची व पासिंगची मुदत ही सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहता येतात. घरातील शिकलेली मुले हे काम फोनवर करून देतात. बाकी असलेले चलनही तेथेच पाहावे. चलनाची थकबाकी फेडल्याशिवाय नाव बदलण्याच्या कामात अडथळा येतो, आणि काही गाड्यांवर ही थकबाकी बरीच मोठी निघते.

पुस्तकातील चासी नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर ताडून पाहावेत. चासी नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा. हा छाप पुढे नमुन्यावर लागतोच. अक्षरे वेडीवाकडी, घासलेली किंवा आसपासचा रंग निराळा दिसल्यास, गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पुष्कळ गाड्या चार-चार हात फिरलेल्या असतात व नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहते. जमिनीचा फेरफार न करण्याचीच ही तऱ्हा आहे, पण परिणाम याहून कडू. कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातील विक्री असल्यास देणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.स कळविले पाहिजे. नमुना २९ व ३० हे त्यासाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला की, अपघाताच्या भरपाईपुरता मालक म्हणजे ज्याचे नाव दप्तरी आहे तो, मग गाडी त्याने केव्हाच विकलेली का असेना. यात विकणाऱ्याचे नुकसान उघड आहे. घेणाऱ्याचेही आहेच : विमा दुसऱ्याच्या नावाचा, म्हणून आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा उभा राहत नाही, आणि जुना मालक मरण पावल्यास त्याच्या सर्व वारसांच्या सह्यांसाठी दारोदार फिरावे लागते. विमा आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. जुन्या मालकास दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट त्याचीच असते, ती गाडीबरोबर येत नाही. तिचा भुर्दंड विम्याच्या हप्त्यात धरून चालावे.

परराज्यातील स्वस्त गाडीचा मोह आवरावा. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातले व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते उचलून धरले. तेव्हापासून तिकडील गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. तिकडचा नाहरकत दाखला, इकडचा कर, नवा नंबर हे सर्व जमेस धरल्यास स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही.

पासिंगची मुदत पाहावी. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीस ते दोन वर्षांचे मिळते, त्यापुढे दरसाल करावे लागते. आणि पंधरा वर्षांवरील गाडीची तपासणी फी १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढविलेली आहे. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीस परमिट लागत नाही. त्यावरील गाडीचे परमिट मागून घ्यावे. चालविण्याच्या परवान्याबद्दल लोकांत गैरसमज आहेत. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याने ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालविण्यास हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले आहे.

इंजिन.— गाडी पाहण्यास सकाळी जावे, व आपण पोचेपर्यंत ती सुरू करू नये असे आदल्या दिवशीच बजावावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विकणाऱ्याने काहीतरी झाकण्यासाठी गाडी आधी तापविली असे समजण्यास हरकत नाही. गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे (तापलेल्या गाडीचे झाकण उघडणाऱ्याचे हात व तोंड वाफेने भाजते). पाण्यावर तेलाचा तवंग असला, किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ, ताकासारखा फेस असला, तर पाणी व तेल एकमेकांत मिसळत आहे. हेड गॅस्केट गेले आहे, व त्याहून वाईट म्हणजे हेडही तडकलेले असू शकेल. ऑइल काळे असणे हा मात्र दोष नव्हे. डिझेल इंजिनात नवे ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे होते. नवशिके लोक यास उगीच भितात.

सुरू केल्यानंतर धुराकडे पाहावे. थंडीत आरंभी थोडा पांढरा धूर येऊन थांबतो, तो चालेल. गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल बाहेर पडत आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते : पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे गाइड किंवा टर्बो झिजला. जोर दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो व काम अल्प खर्चात होते, कधी इंजेक्टर गेलेले असतात व खर्च मोठा येतो. इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण सैल करून वर ठेवावे. ते किंचित थरथरले तर ठीक. आतून धूर झोताने येऊन झाकण उडू लागले तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, आणि इंजिन खोलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा मागावा. ‘छोटा हत्ती’ घेणाऱ्यास एक सूचना : त्याचे मूळ डिझेल इंजिन ७०२ घनसेंटिमीटरचे व दोनच सिलिंडरांचे आहे, म्हणून उभ्या गाडीस हादरा बसतो, तो त्याचा स्वभाव आहे. परंतु लहान इंजिनावर घाटात ओझे लादल्याने ते तापते, यासाठी रेडिएटर, पंखा व पाण्याचे पाइप त्यात अधिक बारकाईने पाहावेत.

रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. युरियाचे पोते ४५ किलोंचे असते. पासिंगात बसत असल्यास वीस पोती, म्हणजे ९०० किलो, घालून जवळच्या चढावर गाडी न्यावी. माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या घाटातून वाशीस माल न्यावयाचा असेल तर सपाट रस्त्यावरची धाव पाहून काय उपयोग? चढावर तिसऱ्या गिअरात जोर दिला असता इंजिनाचा आवाज चढला व वेग चढला नाही, तर क्लच प्लेट घसरते. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. निघताना व थांबताना खालून ‘खट्’ असा ठोका येणे हे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे लक्षण होय, व ते स्वस्तात निघते. एका ठराविक वेगावर मागून एकसारखी घूं-घूं येणे हे क्राउन-पिनियनचे, व ते महाग पडते. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला की तेथेच परीक्षा संपवावी.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची तपासणी कोणताही बरा मिस्त्री करून देईल. फक्त तो विकणाऱ्याचा मिस्त्री नसावा. ब्रेकच्या पायास मिनिटभर दाबून धरल्यावर तो हळूहळू खाली जाऊ नये. ज्या गाड्यांत मालाच्या भाराप्रमाणे मागील ब्रेकचा जोर कमीअधिक करणारी दांडी असते, तेथे जादा पाटे घालणारे ती दांडी बांधून किंवा काढून टाकतात, हे पाहावे. टायरवर चार आकडे असतात : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी खोल असून टायर सात-आठ वर्षांचा असेल तर त्याची किंमत शून्य धरावी. किलोमीटरच्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. तो मागे फिरविता येतो. पायांखालचे रबर, स्टिअरिंगची घासट व कंपनीच्या सर्व्हिसची बिले यांवरून खरा अंदाज येतो. सी.एन.जी.ची गाडी असल्यास टाकीच्या पाटीवरील तपासणीची तारीख पाहावी; ती तपासणी दर तीन वर्षांनी सक्तीची आहे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या भारत स्टेज ६ या प्रतीच्या असून त्यांच्याविषयी थोडे निराळे सांगितले पाहिजे. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी एक गाळणी असते. गाडी काही वेळ हमरस्त्यावर सलग धावली म्हणजे साठलेली काजळी तिच्यातच जळून जाते. शेतातून गावात व गावातून डेअरीपर्यंत अशा तीन-चार किलोमीटरांच्या खेपा करणाऱ्या गाडीत ती जळत नाही, गाळणी तुंबते, दिवा लागतो व जोर तुटतो. नवी गाळणी फार महाग असते. काही लोक ती आतून पोकळ करून देतात. हे बेकायदा असून अशी गाडी पुढे घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून या गाड्यांस संगणकी यंत्र लावून दोषांची नोंद वाचून घ्यावी, आणि ती नोंद कालच पुसलेली आहे काय हेही मिस्त्रीस विचारावे. भेसळीचे डिझेल या इंजिनांच्या पंपास व इंजेक्टरांस मुळीच सोसत नाही. ज्याचे काम केवळ जवळच्या खेपांचे आहे त्याने, धड चासीची मिळत असेल तर, २०२० पूर्वीची गाडी पाहावी असे आमचे मत आहे. मात्र १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस नवी सुरक्षित नंबर पाटी बसविलेली आहे ना, एवढे त्यात पाहून घ्यावे.

किंमत ठरविताना मिळालेले सर्व दोष कागदावर मांडून त्यांचा खर्च दोन मिस्त्रींकडून विचारावा व तो वजा करून बोली करावी. त्याशिवाय रुपयामागे दोन आणे, म्हणजे शेकडा साडेबारा, एवढी रक्कम घरी राखून ठेवावी. जुन्या गाडीत न दिसलेले असे काही निघतेच. सगळी पुंजी किमतीतच संपविणाऱ्याची गाडी पहिल्या मोडीस शेडमध्ये उभी राहते, आणि तो नेमका टोमॅटो लाल होण्याचा आठवडा असतो.

रक्कम बँकेमार्फत द्यावी. विक्रीच्या पावतीवर तारीख तर लिहावीच, पण ताबा घेतल्याची वेळही लिहावी. कारण त्याच दिवशी सकाळी गाडीने कोणास धक्का दिला असेल तर तो कोणाच्या हातून, हे त्या वेळेवरून ठरते. घरी आणल्यावर इंजिन ऑइल, गिअर व डिफरन्शियलचे ऑइल, डिझेल व एअर फिल्टर आणि रेडिएटरचे पाणी ही सर्व एकदम बदलून त्या दिवसाचे किलोमीटर वहीत मांडावेत. सर्व निपलांस ग्रीस भरावे. चाकांच्या व पाट्यांच्या नटी पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा आवळून घ्याव्यात.